नेव्हिल डिसोझा यांचे तीन गोल

तळेगाव (श्यामजी पंत) हे आपल्या वर्धा जिल्ह्यातले, आष्टी तालुक्यातले गाव. नागपूरहून अमरावतीला जाणारा मोठा रस्ता गावाजवळून जातो. आजूबाजूला कपाशी आहे, तूर आहे, संत्र्यांचे बगीचे आहेत. दिवसभर माणसे शेतात राबतात. दिवेलागण झाली की हातपाय धुतात, चार घास खातात, आणि मग प्रौढांच्या वर्गाला येतात.

अशाच एका वर्गात एक काका होते. त्यांनी एकदा पाटी बाजूला सारली आणि म्हणाले, "मले नाही जमत जी. या हातानं चाळीस वर्षं वखर धरला. आता पेन्सिल धरली का बोटं दुखतेत. आजवर अंगठ्यानं चाललं, पुढंही चालन."

वर्गात कोणी हसले नाही. कारण बोटे सगळ्यांचीच दुखत होती.

बाहेर खांबावरच्या दिव्याखाली पोरे फुटबॉल खेळत होती. एकाच्या पायात बूट होते, बाकीचे अनवाणी होते. काका त्यांच्याकडे पाहत बसले. तेव्हा आम्ही म्हटले, "काका, आज पाटी राहू द्या. एक गोष्ट ऐका. मोठी माणसे अनवाणी खेळत होती. ती बूट घालून खेळायला शिकली. मग काय झाले, ते सांगतो."

तीच गोष्ट आम्ही या पाठात लिहिली आहे. ती खरी आहे. वाचताना घाई करू नका. एक ओळ दोनदा वाचली तरी चालेल.

खेळ कसा असतो

फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा चेंडू. दोन संघ असतात. एकेका संघात अकरा खेळाडू. मैदानाच्या दोन टोकांना दोन गोल असतात. गोल म्हणजे दोन उभे खांब आणि वर एक आडवी दांडी. दोन खांबांत २४ फुटांचे अंतर असते. तीन बैलबंड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी ती जागा. दांडी जमिनीपासून ८ फूट उंच.

चेंडूला हात लावायचा नाही. पायाने मारावा, डोक्याने मारावा. हात लावायची मुभा एकालाच असते. तो गोलरक्षक. तो आपला गोल राखतो. शेतावर जसा जागल्या, तसा मैदानात गोलरक्षक.

चेंडू दुसऱ्याच्या गोलात गेला की आपला एक गोल झाला. खेळ ९० मिनिटे चालतो. ४५ मिनिटे झाली की थोडी विश्रांती, मग पुन्हा ४५ मिनिटे. शेवटी ज्याचे गोल जास्त, तो जिंकला. एवढे कळले म्हणजे पुढची गोष्ट समजेल.

मुंबईचा खेळाडू

या गोष्टीतले मुख्य खेळाडू म्हणजे नेव्हिल डिसोझा. त्यांचा जन्म १९३२ सालचा. घराणे मूळचे गोव्याचे. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. ते राज्य १९६१ साली संपले. गोव्याची पुष्कळ माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला येत. त्यांना फुटबॉलची मोठी आवड. ती आवड त्यांनी मुंबईतही जपली.

मुंबईत कुपरेज नावाचे मैदान आहे. तिथे फुटबॉलचे मोठे सामने होत. मुंबईतल्या कंपन्या आपापले संघ ठेवीत. चांगल्या खेळाडूला कंपनीत काम मिळे. दिवसा काम करायचे, संध्याकाळी सराव करायचा. आज मोठ्या खेळाडूंना लाखो रुपये मिळतात. तसे तेव्हा नव्हते. खेळाडू हौसेने खेळत.

नेव्हिल टाटांच्या संघातून खेळले. पुढे ते कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघातून खेळले. मुंबईच्या संघातूनही ते खेळत. त्यांचे भाऊ डेरेक हेही भारताकडून खेळले. एकाच घरातले दोघे भाऊ देशासाठी खेळले, ही थोडी गोष्ट नव्हे.

नेव्हिल पुढच्या फळीत मधोमध खेळत. या जागेवरच्या खेळाडूचे काम एकच. चेंडू गोलात घालायचा. बाकीचे सोबती चेंडू आणून देतात. हा गोलासमोर दबा धरून असतो. डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते. संधी क्षणभर येते आणि जाते. त्या क्षणी पाय हलला नाही, तर सोबत्यांची सगळी मेहनत पाण्यात जाते.

अनवाणी पाय

आता थोडे मागे जाऊ.

ऑलिंपिक म्हणून खेळांचा एक मोठा मेळा असतो. तो चार वर्षांनी भरतो. दर वेळी वेगळ्या शहरात भरतो. जगातल्या देशांचे खेळाडू तिथे येतात. धावणे, पोहणे, कुस्ती, हॉकी, फुटबॉल असे कितीतरी खेळ होतात.

आपला देश १९४७ साली स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, लंडनला ऑलिंपिक भरले. आपला फुटबॉलचा संघ तिथे गेला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. कुणी पायाला नुसत्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. समोर फ्रान्स देशाचा संघ होता. त्यांच्या पायांत बूट होते. तरी आपले खेळाडू जिवाच्या करारावर खेळले. फ्रान्सने दोन गोल केले, आपण एक केला. आपण हरलो, पण अगदी थोडक्यात. लोक आपल्या अनवाणी खेळाडूंचे कौतुक करू लागले.

कौतुक चांगले असते. पण कौतुकाने कधी कधी डोळ्यांवर झापड येते. अनवाणीच बरे, असे आपल्याला वाटू लागले.

चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीला ऑलिंपिक भरले. हेलसिंकी हे फिनलंड या देशाचे शहर. फिनलंड म्हणजे उत्तरेकडचा थंड मुलूख. या वेळी समोर युगोस्लाव्हिया देशाचा संघ होता. तो देश आता नकाशावर नाही. त्याचे तुकडे होऊन वेगळे देश झाले. पण त्या काळी त्यांचा फुटबॉल फार पुढारलेला होता.

आपले बरेच खेळाडू याही वेळी अनवाणी होते. सामना सुरू झाला. गोलामागून गोल होऊ लागले. ९० मिनिटे संपली तेव्हा युगोस्लाव्हियाचे गोल झाले होते दहा. आपला गोल एक. तोही अगदी शेवटी झालेला.

वर्गात आम्ही हे सांगितले, तेव्हा एक बाई म्हणाल्या, "अगं माय! दहा? मंग त्यायनं खेळणं सोडून देल्लं असन."

नाही बाई, सोडून दिले नाही. पुढची गोष्ट तीच आहे.

बूट चावतात

घरी आल्यावर जाणत्या माणसांनी विचार केला. आपण का हरलो? ताकद कमी होती का? आपली पोरे चपळ होती. मग उणे कशात होते? उणे शिकण्यात होते. जग पुढे गेले होते. आपण जुन्या सवयीला धरून बसलो होतो.

अनवाणी पायाला चेंडू चांगला समजतो, हे खरे आहे. कोरड्या मैदानात चपळाईही येते. पण मैदान ओले झाले की पाय घसरतो. बुटाच्या तळाला लहान लहान खुंट्या असतात. त्या मातीत रुततात, म्हणून पाय घसरत नाही. समोरच्याच्या पायात बूट असले आणि आपण अनवाणी असलो, तर आपली बोटे ठेचतात. मग चेंडूवर झेप घ्यायला मन कचरते. बुटाने चेंडू लांब मारता येतो, जोराने मारता येतो.

म्हणून हेलसिंकीच्या हारीनंतर भारताच्या फुटबॉल संघटनेने ठरवले. यापुढे मोठ्या सामन्यात बूट घातलेच पाहिजेत.

ठरवणे सोपे होते. करणे कठीण होते. नवे बूट चावतात, हे आपल्याला सांगायला नको. नवी चप्पलसुद्धा आठ दिवस चावते. जन्मभर अनवाणी खेळलेल्या माणसाला बूट म्हणजे पायात ओझे. चेंडू कुठे लागला ते कळत नाही. पाय जड वाटतो. टाचेला फोड येतात. जो काल सर्वांत पुढे पळत होता, तो आज मागे पडतो. नवशिक्यासारखा अडखळतो. मोठ्या माणसाला चारचौघांत अडखळायची फार लाज वाटते.

पाटीवर पहिले अक्षर काढताना हात थरथरतो, तेव्हा तुम्हालाही अशीच लाज वाटली असेल. आपलाच मुलगा भराभर लिहितो, आणि आपल्याला एक 'क' काढायला घाम फुटतो. ती लाज आणि ही लाज एकच. तिला एकच औषध आहे. रोज थोडे थोडे करायचे.

रहीम मास्तर

या कामाला एक गुरू लाभला. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. ते हैदराबादचे. पेशाने शाळामास्तर. फुटबॉल शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. १९५० सालापासून ते भारताच्या संघाला शिकवीत होते.

हेलसिंकीला दहा गोल झाले, तेव्हाही शिकवणारे तेच होते. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चूक झाली म्हणून मास्तर पळून गेला नाही. हार झाली म्हणून शिष्यांनीही मैदान सोडले नाही. गुरू आणि शिष्य दोघेही पुन्हा पहिल्या धड्यापासून बसले.

रहीम मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. प्रत्येक माणसाचा एक पाय तयार असतो आणि एक कच्चा असतो. उजव्या हाताच्या माणसाला डाव्या हाताने काम जमत नाही, तसेच हे. रहीम मास्तर काय करीत? ते असे सामने लावीत, की चेंडू फक्त कच्च्या पायाने मारायचा. सुरुवातीला खेळाडूंची फजिती होई. चेंडू भलतीकडेच जाई. पण हळूहळू कच्चा पाय पक्का होई. मग तो खेळाडू दोन्ही पायांचा होई.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती अशी. चेंडू फार वेळ आपल्यापाशी ठेवायचा नाही. तो लगेच सोबत्याला द्यायचा. एकट्याने मिरवायचे नाही. विहीर खणताना टोपली हातोहात वर जाते, तसा चेंडू पायोपायी पुढे गेला पाहिजे. मग समोरच्याला कुणाला अडवावे तेच कळत नाही.

अशी चार वर्षे गेली.

मेलबर्नचा सामना

१९५६ साल आले. या वेळी ऑलिंपिक मेलबर्नला भरले. मेलबर्न हे ऑस्ट्रेलिया देशाचे शहर. तो देश पृथ्वीच्या दक्षिण भागात आहे. आपल्याकडे डिसेंबरात थंडी पडते, तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. आपल्याकडे कापूस वेचणीची घाई चालते, त्या दिवसांत तिकडे खेळांचा मेळा भरला होता.

आपल्या संघाचे कप्तान होते बंगालचे समर बॅनर्जी. त्यांना सगळे बद्रू म्हणत. संघात बंगालचे खेळाडू होते, हैदराबादचे होते, दक्षिणेकडचे होते. मुंबईचे नेव्हिल डिसोझा होते. कुणाची भाषा बंगाली, कुणाची तेलुगू, कुणाची कोंकणी. धर्मही वेगवेगळे. मैदानात सगळ्यांचे काम एक.

पहिला सामना हंगेरी देशाशी होता. पण त्याच वर्षी हंगेरीत लोकांनी सरकारविरुद्ध उठाव केला. तो मोडायला रशियाचे रणगाडे आले. हंगेरीचा फुटबॉलचा संघ मेलबर्नला खेळायला आला नाही. म्हणून आपला संघ न खेळताच पुढच्या फेरीत गेला.

तिथे समोर आला खुद्द ऑस्ट्रेलियाचा संघ. म्हणजे ज्याच्या घरी पाहुणे म्हणून गेलो, त्याच्याशीच सामना. मैदान त्यांचे. प्रेक्षक त्यांचे. तारीख होती १ डिसेंबर १९५६.

सामना सुरू होऊन ९ मिनिटे झाली. कप्तान बद्रू यांनी चेंडू मारला. तो वरच्या दांडीवर आपटून परत आला. नेव्हिल तिथे हजरच होते. त्यांनी डोक्याने चेंडू आत घातला. भारताचा पहिला गोल!

१७ व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाने गोल केला. बरोबरी झाली.

३३ व्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी कडेने चेंडू घेऊन धावत सुटले. त्यांनी चेंडू गोलासमोर दिला. नेव्हिल यांनी तो आत मारला. दुसरा गोल!

४१ व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाने पुन्हा गोल केला. पुन्हा बरोबरी. दोन विरुद्ध दोन. मग विश्रांती झाली.

विचार करा. दोनदा पुढे जावे आणि दोनदा बरोबरी व्हावी. माणसाचा धीर खचतो. पीक हाताशी यावे आणि पाऊस पडावा, तसे वाटते. पण आपला संघ खचला नाही. विश्रांतीनंतर पाचच मिनिटे झाली होती. म्हणजे ५० वे मिनिट. नेव्हिल यांनी तिसरा गोल केला.

एकाच सामन्यात एकाच खेळाडूने तीन गोल केले, तर त्याला हॅट्ट्रिक म्हणतात. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. आशिया म्हणजे आपले खंड. त्यात भारत आहे, चीन आहे, जपान आहे, अरबस्तान आहे. एवढ्या मोठ्या खंडातून पहिला मान मिळाला तो मुंबईच्या एका २४ वर्षांच्या तरुणाला.

८० व्या मिनिटाला कृष्णा किट्टू यांनी चौथा गोल केला. सामना संपला. भारताचे चार, ऑस्ट्रेलियाचे दोन. आपण जिंकलो. आता उरले होते फक्त चार संघ, आणि त्यांत भारत होता. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये इतक्या पुढे जाणारा आशियातला पहिला देश भारत.

पुन्हा तोच संघ

पुढचा सामना ४ डिसेंबरला होता. समोर कोण असेल, सांगा पाहू?

युगोस्लाव्हिया. हेलसिंकीला ज्यांनी दहा गोल मारले होते, तोच देश.

या वेळी आपल्या खेळाडूंच्या पायांत बूट होते. पाठीशी चार वर्षांचा अभ्यास होता. पहिली ४५ मिनिटे संपली. युगोस्लाव्हियाचा गोल शून्य! आपलाही शून्य. विश्रांतीनंतर, ५२ व्या मिनिटाला, नेव्हिल यांनी गोल केला. भारत एक, युगोस्लाव्हिया शून्य. ज्यांच्याकडून दहा गोल खाल्ले, त्यांच्या पुढे आपण गेलो होतो.

पण दोनच मिनिटांनी त्यांनी बरोबरी केली. आणखी तीन मिनिटांनी दुसरा गोल. मग तिसरा. शेवटचा तर आपल्याच खेळाडूकडून आपल्याच गोलात गेला. सामना संपला तेव्हा त्यांचे चार, आपला एक. आपण हरलो.

७ डिसेंबरला तिसऱ्या जागेसाठी बल्गेरिया देशाशी सामना झाला. त्यांनी तीन गोल केले. आपल्याला एकही करता आला नाही. तिसरा आला असता तर पदक मिळाले असते. आपला संघ चौथा आला. चौथ्याला पदक नसते.

त्या ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे सर्वांत जास्त गोल तिघांनी केले. प्रत्येकी चार. एक खेळाडू युगोस्लाव्हियाचा, एक बल्गेरियाचा आणि एक आपले नेव्हिल डिसोझा.

परत येताना आपला संघ ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात थांबला. १२ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाशी पुन्हा एक सामना झाला. भारताने सात गोल केले, ऑस्ट्रेलियाने एक. पहिला विजय नशिबाने मिळाला असे कुणाच्या मनात असेलच, तर तेही गेले.

पुढे काय झाले

नेव्हिल मुंबईला परत आले आणि पुन्हा आपल्या संघातून खेळू लागले. मुंबईत रोव्हर्स चषकाचे सामने फार जुने. ते १८९१ साली सुरू झाले. मोठमोठे संघ त्यात येत. १९५८ साली हा चषक कॅल्टेक्सच्या संघाने जिंकला.

रहीम मास्तरांनी १९६२ साली जकार्ताला आणखी मोठे काम केले. आशियाई खेळांत भारताच्या संघाला सुवर्णपदक मिळवून दिले. तेव्हा त्यांना कर्करोग झाला होता. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, ते वारले. भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला शेवटचा गेला तो १९६० साली, रोम शहरी. त्यानंतर आजवर आपल्याला तिथे जाता आलेले नाही.

सरकारने १९६१ सालापासून चांगल्या खेळाडूंना अर्जुन पुरस्कार द्यायला सुरुवात केली. नेव्हिल यांचे सोबती प्रदीपकुमार बॅनर्जी यांना तो पहिल्याच वर्षी मिळाला. नेव्हिल यांचे नाव त्या यादीत नाही. १९८० साली नेव्हिल वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे ४७ होते. आज फार थोड्या लोकांना त्यांचे नाव ठाऊक आहे.

पुरस्कार नाही म्हणून त्यांचे तीन गोल कमी झाले का? नाही. १ डिसेंबर १९५६ ला मेलबर्नला काय झाले, ते कागदावर लिहिलेले आहे. मिनिटासकट लिहिलेले आहे. ज्याला वाचता येते, त्याला ते केव्हाही वाचता येईल. आज तुम्ही वाचलेत.

काकांचा हिशेब

आमची गोष्ट संपली. वर्गात थोडा वेळ सगळे गप्प होते. मग काकांनी विचारले, "म्हणजे शेवटी हरलेच ना जी?"

"हो काका, हरले. चौथे आले."

काका बोटांवर काही मोजू लागले. मग म्हणाले, "आधी दहा खाल्ले होते. मंग चार खाल्ले. दहाचे चार झाले. चार वर्षांत."

आम्ही म्हटले, "बरोबर."

"अन् पयला गोल आपणच केला होता."

"तेही बरोबर."

हा हिशेब आम्ही काकांना शिकवला नव्हता. त्यांनी तो आपणच केला. आणि खरे सांगायचे, तर आमच्या सगळ्या गोष्टीतले सार त्यात आले. शिकणारा माणूस पहिल्याच दिवशी जिंकत नाही. दहाचे नऊ होतात. नवाचे आठ होतात. कुणाला ते दिसतही नाही. पण ज्याचे त्याला कळते.

आणखी एक सांगतो. बूट घालणाऱ्या त्या खेळाडूंनी आपला जुना गुण टाकला नाही. अनवाणी खेळून आलेली चपळाई त्यांच्यापाशी होतीच. बुटांनी तिला जोड दिली. आपलेही तसेच आहे. तुमच्या हातात शेतीची विद्या आहे. माती हातात घेऊन ओल सांगणारी माणसे तुम्ही. ती विद्या अक्षरांनी जात नाही. उलट तिला जोड मिळते. मग सातबारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत नाही. बँकेच्या पुस्तकातला आकडा आपला आपल्याला कळतो. औषधाच्या डब्यावर काय लिहिले आहे ते समजते. कागदावर अंगठा उठवण्याआधी कागद काय म्हणतो ते विचारता येते. अंगठ्याने आजवर चालले, हे खरे. पण अंगठा कशावर उठला, हे पुष्कळांना फार उशिरा कळले, हेही खरे.

त्या दिवशी काकांनी पूर्ण सही केली नाही. आपल्या नावातले पहिले अक्षर तेवढे पाटीवर वीस वेळा काढले. निघताना बोटे चोळत म्हणाले, "दुखतेत जी अजून."

आम्ही म्हटले, "बूटही चावत होते काका."

काका हसले. "उद्या येतो," म्हणाले.

शब्दांचे अर्थ

संघ : एकत्र खेळणाऱ्यांचा गट
गोलरक्षक : गोल राखणारा खेळाडू
सराव : पुन्हा पुन्हा करून हात बसवणे
बरोबरी : दोघांचे गोल सारखे होणे
हॅट्ट्रिक : एका सामन्यात एकाच खेळाडूचे तीन गोल
कप्तान : संघाचा पुढारी

प्रश्न

१. हेलसिंकीच्या सामन्यात भारतावर किती गोल झाले? तो सामना कोणत्या साली झाला?
२. रहीम मास्तर कच्च्या पायाने खेळायला का लावीत?
३. नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध किती गोल केले? ते कोणत्या मिनिटांना केले? पाठात शोधून लिहा.
४. नेव्हिल यांचा जन्म १९३२ सालचा. मेलबर्नचे ऑलिंपिक १९५६ सालचे. वजाबाकी करून त्यांचे तेव्हाचे वय काढा.
५. काकांनी "दहाचे चार झाले" असे म्हटले. त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.

लिहून पाहा

वर्गात आलात त्या दिवशी तुम्हाला काय येत नव्हते? आज काय येते? दोन ओळी लिहा. अक्षर वाकडे आले तरी हरकत नाही. खाली आपले नाव लिहा आणि तारीख घाला. वर्षभराने हाच कागद पुन्हा काढून पाहा.